फिकट गुलाबी, घ्यावा की नको?

सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. गलाईच्या भट्टीवर हे रोजचंच: मूस तापते, टाकणखार पडतो, मळ वर येतो आणि खाली सोनं चमकायला लागतं. आता त्या भट्टीत, उघड्या हवेवर, कुणी एक हिरा ठेवला तर काय होईल? सोनं वितळण्याआधीच तो पेटेल! साधारण ८५० अंशांच्या आसपास हिरा हवेत जळू लागतो, आणि पुरेसा वेळ मिळाला तर राखसुद्धा मागे ठेवत नाही. सगळाच्या सगळा कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून निघून जातो. १७७२मध्ये फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने भलंमोठं भिंग लावून, सूर्याच्या उष्णतेने हिरे जाळले आणि कोळसा जळल्यावर निघतो तोच वायू यातूनही निघतो हे दाखवलं. म्हणून तर अंगठीला डाग देताना कारागीर खड्यावर आधी बोरिक पावडरचा लेप चढवतात.

माण, खटाव, आटपाडी, खानापूर हा सगळा गलाईवाल्यांचा मुलूख. पाऊस दगा देत राहिला तशी इथली माणसं मूस आणि चिमटा घेऊन देशभर पांगली आणि सोनं-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यात त्यांनी नाव काढलं. या घरांना सोनं कळतं. त्याचा टंच काढता येतो. कमी भरला तर तेजाबात घालून तांबं-चांदी वेगळी करता येते. मोडीत घातलं तर त्या दिवसाच्या भावाने पैसे हातात पडतात. अशाच एखाद्या घरात मुलीचा साखरपुडा ठरला आहे, सराफाने कागदाची पुडी उलगडून एक हिरा समोर ठेवला आहे, आणि तो म्हणतो आहे, ‘हा पांढरा नाही, फिकट गुलाबी आहे. म्हणून थोडा महाग.’ सोन्याचं इतकं ज्ञान असलेल्या घरानं आता काय करावं?

नेमका असाच पेच १६४२मध्ये एका कसलेल्या व्यापाऱ्यापुढे उभा राहिला होता. झाँ-बाप्तिस्त तावेर्निए हा फ्रेंच रत्नव्यापारी तेव्हा गोवळकोंड्यात होता. तिथे त्याला एक प्रचंड, चपटा हिरा दाखवण्यात आला. वजन सुमारे २४२ कॅरेट, किंमत ५ लाख रुपये. एकट्याच्या जिवावर घेण्यासारखा तो सौदा नव्हता. मग त्याने काय केलं? मालकाच्या परवानगीने त्या हिऱ्याची शिशाची प्रतिकृती बनवली आणि ती सुरतेला आपल्या दोन मित्रांकडे पाठवली. तिकडून निरोप आला: खडा स्वच्छ आणि उत्तम पाण्याचा असेल तर ४ लाखांपर्यंत बोल. मालक काही उतरला नाही, सौदा फिसकटला.

तो हिरा पुढे कुठे गेला? १९६०च्या दशकात कॅनडातल्या रॉयल ओंटारिओ म्युझियमच्या तज्ज्ञांनी तेहरानमधल्या इराणी राजरत्नांची तपासणी केली. तिथला सुमारे १८२ कॅरेटचा दर्या-ए-नूर आणि सुमारे ६० कॅरेटचा नूर-उल-ऐन, हे दोन्ही तावेर्निएच्या त्या एकाच हिऱ्याचे तुकडे असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दोघांचाही रंग फिकट गुलाबी! नादिरशहाने १७३९मध्ये दिल्ली लुटली, त्या लुटीतून ही रत्नं इराणला पोचली असं मानलं जातं.

गोवळकोंड्याच्या खाणींमध्ये सगळ्यात गाजलेली खाण कोल्लूरची, कृष्णेच्या अगदी काठावर. आता नकाशा उघडा आणि माणगंगेवर बोट ठेवा. माण तालुक्यात उगम, म्हसवडवरून आटपाडीकडे, पुढे भीमेला भेट, भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा कोल्लूरला जाते. म्हणजे माणमधून वाहून गेलेलं पावसाचं पाणी, वाटेत अडलं नाही तर, त्याच खाणीवर पोचतं. आज तर शब्दशः खाणीवरच, कारण पुलिचिंतला धरणाच्या जलाशयात ती बुडाली आहे. पाणी तिथे जात असलं तरी हिरे मात्र आपल्या काळ्या कातळातले नाहीत. आपला कातळ म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. हिरा त्याहून कितीतरी जुना आणि फार खोलातला, जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहूनही खाली तयार झालेला.

मग तो गुलाबी का होतो? इथे खरी गंमत आहे. पिवळ्या हिऱ्याचं कारण सापडतं: कार्बनच्या जाळ्यात नायट्रोजनचे अणू शिरलेले असतात. निळ्याचंही सापडतं: तिथे बोरॉन असतो. गुलाबी हिऱ्यात मात्र बहुधा रंग देणारा असा कुठलाही पाहुणा सापडत नाही! बहुतेक सगळे गुलाबी हिरे गुलाबी आहेत ते निव्वळ वाकल्यामुळे. पत्त्यांचा जोड तळहातावर ठेवून वरून जरा तिरकं दाबलं की पत्ते एकमेकांवरून किंचित सरकतात. जमिनीच्या पोटातल्या दाबाने आणि उष्णतेने हिऱ्यातले अणूंचे थर तसेच सरकलेले असतात. असा सरकलेला भाग हिरवा उजेड गिळतो, आणि उरलेला उजेड आपल्या डोळ्यांना गुलाबी दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली असा खडा पाहिला तर रंग सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. बारीक बारीक समांतर पट्ट्यांमध्ये तो साचलेला असतो आणि मधली जागा स्वच्छ पांढरी. त्या पट्ट्यांमध्ये अणूंची नेमकी कोणती मांडणी हा रंग देते, हे कोडं शास्त्रज्ञांना अजून पूर्ण सुटलेलं नाही.

आणि हे वाकणंही बेताचंच हवं. जास्त झालं की हिरा गुलाबी न होता तपकिरी होतो. ऑस्ट्रेलियातल्या अर्गाइल खाणीतून जगातले ९० टक्क्यांहून अधिक गुलाबी हिरे आले, पण तिच्या एकूण उत्पादनात त्यांचा वाटा एक टक्काही नव्हता. तपकिरी मात्र ढिगाने निघाले. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणे तिथली गोष्ट अशी: सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वी दोन भूखंडं एकमेकांवर आदळली, त्या दाबात हिरे वाकले, आणि सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी नूना नावाचं महाखंड फाटत असताना ते वर आले. बोटातल्या अंगठीत दोन भूखंडांची टक्कर! २०२० साली ही खाण बंद झाली.

आता पुन्हा त्या पुडीकडे वळू. ‘फिकट गुलाबी’, म्हणजेच ‘फेंट पिंक’, हा सराफाचा लाडिक शब्द नाही, प्रयोगशाळेच्या अहवालातली ती एक पायरी आहे. गुलाबीत सगळ्यात खाली फेंट, मग व्हेरी लाइट, लाइट, फॅन्सी लाइट, फॅन्सी, इंटेन्स, आणि वर व्हिव्हिड. पांढरा हिरा तपासताना तो पालथा ठेवतात, कारण सुलट ठेवला तर त्याच्या चमकेत रंग लपतो. रंगीत हिरा मात्र सुलटाच पाहतात, अंगठीत तो जसा दिसणार तसा. म्हणजे फेंट या शब्दाचा अर्थ सरळ आहे: तज्ज्ञाने, ठरावीक उजेडात, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पाहिलं तेव्हाही रंग जेमतेमच होता.

म्हणून माझं म्हणणं असं की अहवाल वाचायच्या आधी डोळ्यांनी पाहा. दुकानातले पिवळे दिवे सोडून खिडकीपाशी या, थेट ऊन नको. पांढरा कोरा कागद मधोमध दुमडून त्याची पन्हळ करा. तिच्यात हा खडा ठेवा आणि शेजारी तेवढ्याच आकाराचा साधा पांढरा हिरा. चिमट्याने दोघांच्या जागा बदला. मग मुलीला, काहीही न सांगता, विचारा: या दोघांत फरक काय? ‘हा जरा लालसर वाटतो’ असं तिच्या तोंडून आपसूक आलं, तर रंग खरोखर तुमच्या पदरात पडणार आहे. ‘तपकिरी’ म्हणाली, तर अहवालात ‘ब्राउनिश’ शब्द आहे का बघा. आणि काहीच फरक दिसला नाही, तर जादा पैसे तुम्ही कागदावरच्या शब्दाला देत आहात.

खडा अंगठीत आधीच बसवलेला असेल तर जास्त जपा. गुलाबी सोन्याचं कोंदण फिकट खड्याला रंग उसना देतं. मागून बंद कोंदण असेल, तर खाली रंगीत वर्ख ठेवण्याची युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. ही प्रत्येक वेळी फसवणूकच असते असं नाही; फिकट गुलाबीला गुलाबी सोन्यात बसवणं ही उत्तम कारागिरी आहे, आणि मी तर तेच सुचवीन. फक्त किंमत ठरवताना खडा सुटा पाहिलेला असावा. खड्याच्या आकाराचाही परिणाम होतो. मोठ्या खड्यात उजेडाला लांब प्रवास करावा लागतो, म्हणून रंग अधिक जाणवतो. तोच रंग अगदी छोट्या खड्यात हरवून जातो. गोल घाटापेक्षा कुशन किंवा रेडियंट घाट रंग जास्त धरून ठेवतो.

अहवालातली एक ओळ मात्र सोडू नका: रंगाचा उगम. तिथे ‘नॅचरल’ हवं. कारण माणसालाही हा रंग आणता येतो, आणि ती वाटही तितकीच अचंबित करणारी आहे. हिऱ्यावर किरणांचा मारा करून काही कार्बन अणू जागेवरून उडवतात, मग तो तापवतात, आणि रिकाम्या झालेल्या जागा सरकत सरकत नायट्रोजन अणूच्या शेजारी जाऊन बसतात. नायट्रोजन आणि त्याच्या बाजूची ती रिकामी जागा, या जोडीने हिरा गुलाबी दिसतो. प्रयोगशाळेत वाढवलेले गुलाबी हिरे बहुधा असेच रंगवलेले असतात. निसर्गातही फार थोड्या गुलाबी हिऱ्यांचा रंग याच जोडीतून येतो, आणि व्यापारात त्यांना ‘गोलकोंडा पिंक’ म्हणतात! त्यामुळे नुसतं भिंग लावून सराफाला खात्री देता येत नाही, प्रयोगशाळाच लागते. प्रयोगशाळेतला हिरा हाही खरा हिराच, पण तो बराच स्वस्त मिळतो आणि त्याच भावात घ्यावा.

राहिला मोडीचा प्रश्न. ५९.६० कॅरेटचा ‘पिंक स्टार’ २०१७मध्ये हाँगकाँगच्या लिलावात ७.१२ कोटी डॉलरना गेला. पण तो होता फॅन्सी व्हिव्हिड, म्हणजे शिडीच्या दुसऱ्या टोकाचा. त्या आकड्याचा तुमच्या फेंट खड्याशी काही संबंध नाही. त्याला सोन्यासारखा रोजचा भाव नाही, आणि विकायला गेलात तर दिलेले पैसे परत येतील याची हमी कुणी देणार नाही. अडीनडीला पैसा हवा म्हणून घ्यायचं असेल तर सोनंच घ्या. पण खिडकीतल्या उजेडात मुलीला रंग आपसूक दिसला असेल, अहवालात ‘नॅचरल’ असेल आणि भाव झेपत असेल, तर मी घ्या म्हणेन, आनंदाने घ्या. बिलावर मात्र अहवालाचा क्रमांक लिहून घ्या, आणि हिऱ्याच्या कडेवर लेसरने क्रमांक कोरलेला असेल तर तो भिंगातून त्याच्याशी ताडून बघा.