सायकस : बागेतील विषारी झाड

पनवेल तालुक्यात नेरे, वाजे या बाजूस फार्महाऊसांची वस्ती वाढल्यापासून त्यांच्या फाटकापाशी एक ठेंगणे, ताडमाडासारखे दिसणारे झाड हौसेने लावलेले आढळते. रोपवाटिकांत ते ‘सायकस’ या नावाने विकले जाते. त्यास साबुदाण्याचे झाड असेही म्हणतात. हे दुसरे नाव फसवे आहे. बाजारातील साबुदाणा तामिळनाडूतील सेलम भागात टॅपिओकाच्या कंदापासून तयार होतो. सायकसचे मात्र सर्वच भाग विषारी असून बी विशेष घातक असते.

पुष्कळजण या झाडास शिंदीचे रोप समजतात. पानाच्या देठावरील काटे पाहून निर्णय करू नये, कारण ते दोहोंनाही असतात. पात तोडून पाहावी. शिंदीची पात बुडाशी पन्हळीसारखी दुमडलेली असून तीत उभ्या शिरा पुष्कळ असतात. सायकसच्या कडक, चकचकीत पातीत मधोमध एकच ठळक शीर असते. नवी पाने फुटताना त्यांच्या पाती नेच्याप्रमाणे गुंडाळलेल्या दिसतात. शिंदीस फळांचे घोस लोंबतात. सायकसमध्ये नर व मादी झाडे वेगळी असतात. नराच्या शेंड्यावर कणसासारखा उभा शंकू येतो. मादीच्या शेंड्यात लवदार, पिसासारखी चिरलेली दले येऊन त्यांच्या कडांना नारिंगी-तांबडी बी धरते. लहान मुलांचे लक्ष नेमके या रंगाकडे जाते.

सह्याद्रीच्या दक्षिण भागातील रानात याच जातकुळीचे एक झाड आढळते. त्यास मलबारी सुपारी असे नाव आहे. सुपारीशी त्याचे नाते नाही. केरळात त्याच्या बियांचे पीठ खाल्ले जाते खरे, परंतु बिया वाळवून, वारंवार पाणी बदलून भिजवल्यावरच. यातील ‘सायकॅसिन’ हे विष पाण्यात विरघळते. ही रीत ठाऊक नसलेल्या कॅप्टन कुकच्या खलाशांनी १७७० साली ऑस्ट्रेलियात अशाच झाडाच्या बिया खाल्ल्या व ते आजारी पडले. घरी असा प्रयोग कोणी करू नये.

बी खाल्ल्यावर काही तासांत जोराच्या ओकाऱ्या होतात, चक्कर येते. पुढे यकृतास इजा होऊ शकते. कुत्री यातून पुष्कळदा दगावतात. गुरांनी पाला खाल्ल्यास मागील पाय लुळे पडतात व ते बहुधा पूर्ववत होत नाहीत. गरीब कुटुंबाचा एक बैल गेला तर पेरणीच खोळंबते. चैत्र-वैशाखात चारा आटलेला असताना छाटलेली पाने कुंपणाबाहेर फेकणे म्हणूनच अतिशय धोक्याचे होय.

या विषावर उतारा नाही. मीठपाणी पाजून ओकारी काढण्यात वेळ न घालवता रोग्यास बियांच्या नमुन्यासह पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. जनावरासाठी पशुवैद्यकास बोलवावे. बागेत काम करणाऱ्यांनी मादी झाडावरील दले बी पिकण्यापूर्वीच कापावीत, आणि छाटणीचा पाला उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरावा. पाला वाळला म्हणजे विष गेले, असे समजू नये.