उसाच्या रसाचे उकळणे व संगणकाचे गणित

कोयनानगर येथे पाणी शंभर अंशांना उकळत नाही. शिवाजीसागर जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर आहे. इतक्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसलाच उकळू लागते. घाट उतरून चिपळूणला गेल्यास तेच पाणी शंभर अंशांच्या अगदी जवळ पोहोचल्याखेरीज उकळत नाही. दाब बदलला की उकळबिंदू बदलतो, ही गोष्ट शाळेत शिकविली जाते. परंतु सातारा व सांगली जिल्ह्यांतील ऊस उत्पादकाच्या हिशेबाशी तिचा किती निकटचा संबंध आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

प्रथम गुऱ्हाळाचे उदाहरण घ्यावे. काहिलीतील रस आटत जातो तसा त्याचा उकळबिंदू वाढतो, कारण विरघळलेली साखर पाण्याला वाफ होण्यापासून अडविते. साधा रस पाण्यापेक्षा अर्धा अंशही अधिक तापत नाही. पण काहील उतरविण्याची वेळ येते तेव्हा पाक पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा सुमारे १८ अंश वर गेलेला असतो. म्हणून पुस्तकांतून गुळासाठी ११८ अंशांचा आकडा दिलेला आढळतो. तो समुद्रसपाटीचा आहे. पाटण तालुक्याच्या उंच भागात ११८ अंशांची वाट पाहणाऱ्याचा गूळ करपण्याचा संभव असतो. तेथे हाच आकडा सुमारे ११६ धरावा. तापमापक वापरणाऱ्याने तो प्रथम उकळत्या पाण्यात बुडवून आपल्या गावचा उकळबिंदू पाहावा व त्यात १८ मिळवावे. अनुभवी गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून गोळी वळते की नाही हे पाहतो. त्याच्या या परीक्षेला उंचीची बाधा होत नाही, ही तिची मोठीच सोय आहे.

कारखान्यात मात्र गोळी वळून भागत नाही. कोयनेचे बरेचसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीकडे वीजनिर्मितीसाठी जाते. पूर्वेकडे सोडलेले पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळते आणि खालच्या शिवारातील उसाला पोसते. उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते. शेतकऱ्याने वर्षभर जे पाजले, ते कारखान्याला काही तासांत काढून टाकावे लागते. रसाचा ब्रिक्स, म्हणजे शंभर भाग रसात विरघळलेले घन पदार्थ, १५ असेल आणि सिरप ६० ब्रिक्सचे करावयाचे असेल, तर १०० किलो रसातून ७५ किलो पाणी वाफेच्या रूपाने घालवावे लागते. शंभर अंशांवरील एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५३९ किलोकॅलरी उष्णता लागते. प्रत्येक किलो पाण्यासाठी बॉयलरमधून नवी वाफ आणावयाची ठरविली, तर कारखान्याचा बगॅस पुरणारच नाही.

यावर नॉर्बर्ट रिल्यू या अमेरिकेतील अभियंत्याने १८४० च्या दशकात उपाय काढला. त्याने पात्रांची मालिका लावली. पहिल्या पात्रातील रसाची वाफ दुसऱ्या पात्रास तापविते, दुसऱ्याची तिसऱ्यास. पुढच्या प्रत्येक पात्रात दाब कमी ठेवलेला असल्याने तेथील रस कमी उष्णतेवरही उकळतो. शेवटच्या पात्रात तर चांगली निर्वात स्थिती असते व रस साठ अंशांच्या आसपास उकळतो. कोयनानगरला डोंगराच्या उंचीने जे थोडेसे घडते, तेच येथे पंपाच्या साहाय्याने पुष्कळ अधिक प्रमाणात घडविले जाते. चार पात्रे असतील तर ढोबळमानाने एक किलो वाफेवर चार किलो पाणी उडते.

अडचण आहे ती या ‘ढोबळमानाने’ शब्दात. साठ अंशांवर पाण्याची वाफ करण्यास ५३९ नव्हे, तर सुमारे ५६३ किलोकॅलरी लागतात. ६० ब्रिक्सचे सिरप पाण्यापेक्षा अडीच ते तीन अंश अधिक तापमानावर उकळते व तेवढा उष्णतेचा उतार वाया जातो. शिवाय पात्रे एकमेकांशी बांधलेली असतात. एकाच पाटावर चार दारे असावीत आणि वरचे दार थोडे उघडताच खालच्या तिन्ही दारांचे पाणी बदलावे, तशीच ही स्थिती होय. पहिल्या पात्रात किती पाणी उडाले हे दुसऱ्यातील दाबावर अवलंबून, तो दाब दुसऱ्यातील रसाच्या घनतेवर, आणि ती घनता पहिल्यात किती पाणी उडाले यावर. हे वर्तुळ सरळ बेरीज-वजाबाकीने सुटत नाही. उत्तर आधी अंदाजाने धरावे, हिशेब करावा, चूक किती राहिली ते पाहावे, अंदाज सुधारावा व पुन्हा हिशेब करावा, असे अनेकदा करावे लागते. माणसाला हे कंटाळवाणे काम करण्यास दिवस लागतो. संगणक ते निमिषार्धात करतो.

संगणकाला त्यासाठी वाफेचे गुणधर्म सूत्ररूपाने द्यावे लागतात. पूर्वी अभियंते छापील वाफतक्ते उघडून आकडे काढीत. गणकयंत्रे वापरात आल्यावर उद्योगांसाठी आंतरराष्ट्रीय स्तरावर १९६७ साली एक सूत्रसंच ठरविण्यात आला. १९९७ साली त्याची जागा अधिक अचूक व जलद सूत्रसंचाने घेतली. साखरेच्या द्रावणाची उष्णताधारकता, दाटपणा व उकळबिंदूची वाढ यांचीही सूत्रे आहेत. ही सर्व सूत्रे एकत्र गुंफून कारखान्याचे जे आकड्यांचे प्रतिरूप तयार होते, त्यावर झडपा उघडून पाहता येतात, आणि चूक झाली तरी रस वाया जात नाही.

असे प्रतिरूप विश्वासार्ह केव्हा मानावे? प्रत्यक्षात घडलेली गोष्ट त्यातून जशीच्या तशी निघाली तर. यासंबंधी कोयनेचे नाव जगभरच्या अभियंत्यांना ठाऊक आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या भिंतीचा उतार जेथे बदलतो, त्या उंचीवर आडव्या भेगा पडल्या. धरणातील यंत्राने भूकंपाची नोंदही केली होती. तेव्हापासून धरणासंबंधीच्या नव्या संगणकीय पद्धतींना ती नोंद पुरविली जाते व भेगा त्याच जागी दिसतात की नाही हे पाहिले जाते. साखर कारखान्यातही प्रतिरूपाचे तापमान व दाब रोजच्या मोजमापांशी पडताळावे लागतात. पात्रांच्या नळ्यांवर खपली साचत जाते व उष्णता कमी पोहोचू लागते. खपलीचा हिशेब न ठेवणारे प्रतिरूप आठवडाभरातच चुकू लागते.

या गणिताचा खरा कस पॅनमध्ये लागतो. दर १०० ग्रॅम पाण्यात २० अंशांवर सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, तर ७० अंशांवर सुमारे ३२० ग्रॅम. पाकात याहून थोडी अधिक साखर राहिली तर असलेले दाणे वाढतात. फारच अधिक राहिली तर नको असलेले बारीक दाणे आपोआप उपजतात व साखर धुताना पुन्हा विरघळून जातात. हा अधिकपणा कोणत्याही तापमापकावर दिसत नाही. तापमान, निर्वात व ब्रिक्स यांवरून तो गणितानेच काढावा लागतो. जुना पॅनमन काचेवर पाक पसरून, बोटांत ताणून तो ओळखत असे. संगणक तो क्षणोक्षणी काढून रसाची व वाफेची झडप हलवितो. पाक शुद्ध असेपर्यंत तो पॅनमनपेक्षा सरस ठरतो. पाक अशुद्ध होताच विद्राव्यतेची सूत्रे ढळतात आणि जाणत्या पॅनमनची नजर पुन्हा कामी येते.

पाकाची ही अशुद्धता मात्र बव्हंशी शेतातून येते. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातील साखर मोडून ग्लुकोज व फ्रुक्टोज बनते, व त्यांचे दाणे होत नाहीत. जिवाणूंमुळे डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थही वाढतो व रस नळ्यांतून मंद वाहतो. कोवळ्या उसाची गोष्ट निराळी. १५ ब्रिक्सच्या रसात एक किलो घन पदार्थामागे ५ किलो पाणी उडवावे लागते. रस १३ ब्रिक्सचा असल्यास हाच आकडा ६ किलोवर जातो. सिरप तेवढेच, पण उडवावयाचे पाणी एक पंचमांशाने अधिक. तो बगॅस वाचता तर त्यावर सहवीजनिर्मिती झाली असती.

म्हणून ऊस पक्व झाल्यावरच तोडावा, शेंडे व पाचट काढावे, मुळाची माती झाडावी आणि तोडीनंतर शक्य तर चोवीस तासांत तो गव्हाणीवर पोहोचेल अशी वाहतूक ठरवावी. २००९–१० च्या हंगामापासून केंद्र सरकारने ठरविलेला रास्त व किफायतशीर दर कारखान्याच्या साखर उताऱ्याशी निगडित आहे. हा उतारा एकेका शेताचा नव्हे, सर्व कारखान्याचा मिळून काढला जातो, व शिळ्या उसाच्या एका गाडीने घटलेला उतारा ताजा ऊस आणणाऱ्यांच्याही दरातून वजा होतो.