आत्याने कुर्र केले, बाळाने ऐकले काय?

बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्र' करते आणि नाव सांगते. तिच्या पाठीवर धपाटे बसतात, घुगऱ्या वाटल्या जातात, सारे हसतात. ते नाव बाळाने ऐकले की नाही, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. विचारावा असे वाटतही नाही. बारा दिवसांचे मूल पाहते की नाही, हातपाय हलवते की नाही हे डोळ्यांना दिसते. ऐकते की नाही हे दिसत नाही. दर हजार नवजात बालकांत साधारणपणे १ ते ३ बालके दोन्ही कानांनी नीट न ऐकणारी असतात. ती रडतात, हसतात, पहिले काही महिने इतरांसारखे हुंकारही देतात. त्यामुळे घरात संशय येत नाही.

घरगुती परीक्षा म्हणजे बाळाच्या मागे थाळी वाजवणे. बाळ दचकले की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. परंतु ते आवाजाने दचकले, पाळण्याच्या हादऱ्याने दचकले की वाजवणाऱ्याची सावली पाहून, हे कोण सांगणार? शिवाय काही मुलांना थाळीचा ठणठणाट ऐकू येतो, पण बोलण्यातले 'स', 'फ', 'त' यांसारखे हलके उच्चार येत नाहीत. आमच्या गल्लीतला एक मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. 'याचा बापही उशिराच बोलला होता' असे म्हणून दिवस गेले. कान तपासले तेव्हा त्याला चौथे वर्ष लागले होते.

आपल्याकडे 'मुका-बहिरा' असा जोडशब्द आहे. कन्नडमध्येही 'किवुड' आणि 'मूग' हे शब्द जोडीनेच येतात. दोन भाषांनी हातात हात घालून केलेली ही एक चूकच म्हटली पाहिजे. बहुतेक बहिऱ्या मुलांचा कंठ धडधाकट असतो. गर्भातले मूल साधारण पंचविसाव्या आठवड्यानंतर आवाज ऐकू लागते व जन्मानंतर पहिल्या काही वर्षांत मेंदू ऐकलेल्यातून भाषा घडवतो. त्या काळात काहीच कानावर पडले नाही तर भाषेचे भांडवलच जमा होत नाही.

मग तान्ह्या बाळाचे कान तपासायचे कसे? अमेरिकेतील कोलोरॅडोच्या श्रवणतज्ज्ञ मेरियन डाउन्स यांनी १९६०च्या दशकात बाळांना ठरावीक आवाज ऐकवून त्यांच्या हालचाली टिपण्याचा प्रयोग केला. पण हालचालींवरून काढलेला निष्कर्ष भरवशाचा ठरेना. तेव्हा १९६९मध्ये स्थापन झालेल्या तज्ज्ञांच्या संयुक्त समितीने जोखमीची यादी करण्याचा मार्ग धरला. घराण्यात बहिरेपणा, गरोदरपणी आईला झालेला रुबेला, जन्मतः फार कमी वजन, तीव्र कावीळ अशी कारणे असलेल्या बाळांवर लक्ष ठेवायचे. यात एक मोठे छिद्र होते. जन्मतः बहिऱ्या असणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांत यांपैकी एकही कारण आढळत नाही.

ही अडचण दोन शोधांनी सुटली. १९७८मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिले की निरोगी कान आवाज केवळ घेत नाही, तर अत्यंत मंद आवाज परतही देतो. कानाच्या आतील शंखाकृती भागातील सूक्ष्म केसपेशींमुळे हा प्रतिसाद निर्माण होतो. बाळाच्या कानात लहानशी नळी बसवून 'टक्‌ टक्‌' आवाज सोडायचा आणि तिच्यातल्याच मायक्रोफोनने परतीचा आवाज टिपायचा. दुसऱ्या पद्धतीत डोक्यावर बारीक विद्युत्‌-अग्रे चिकटवून, आवाज मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचतो की नाही हे मोजतात. दोन्ही तपासण्या बाळ झोपलेले असतानाच होतात. सुई नाही, वेदना नाही. अतिदक्षता विभागातील बाळांना दुसरी तपासणी आवश्यक असते, कारण काही बाळांचा कान प्रतिसाद देतो, पण पुढची नस संदेश नीट नेत नाही.

साधने हाती आली, पण सर्वच बाळे तपासावीत काय? या प्रश्नासाठी मार्च १९९३मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तीन दिवसांची परिषद भरवली. तज्ज्ञांनी बाजू मांडायच्या आणि एका स्वतंत्र मंडळाने त्या ऐकून निवेदन तयार करायचे, अशी तिची रीत होती. मंडळाने निर्णय दिला की प्रत्येक बाळाची तपासणी पहिल्या तीन महिन्यांत व्हावी; आधी पहिली पद्धत आणि तीत जे उत्तीर्ण होणार नाही त्याला दुसरी.

यावर सर्वांनी माना डोलावल्या असे मात्र नाही. १९९४मध्ये फ्रेड बेस व जॅक पॅरडाइज या दोघा तज्ज्ञांनी जाहीर आक्षेप घेतला की ही योजना सोपी नाही, धोक्यावाचून नाही आणि तिचा लाभही अजून सिद्ध नाही. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हा आक्षेप चटकन कळतो. समजा १००० बाळे तपासली व शेकडा ४ बाळांना पुढील तपासणीस पाठवले, तर ती ४० झाली. त्यांतली खरोखर बहिरी दोन किंवा तीन. उरलेल्या सदतीस-अडतीस घरांत उगाच घोर लागला. हा खर्च खराच आहे आणि तो कोणत्याही वहीत लिहिला जात नाही.

पण जमेची बाजूही पुढे आली. १९९८मध्ये कोलोरॅडोतील क्रिस्टीन योशिनागा-इटानो व सहकाऱ्यांनी १५० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांच्या आत बहिरेपणा कळलेल्या मुलांची भाषा, उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा लक्षणीयरीत्या चांगली होती. मग ती मुले बोलून व्यवहार करीत असोत वा खुणांचीही जोड घेत असोत. त्याच वर्षी मिलान येथील युरोपीय परिषदेनेही सार्वत्रिक तपासणीच्या बाजूने कौल दिला. पुढे 'एक-तीन-सहा' हे सूत्र रूढ झाले : पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र व भाषेचे शिक्षण.

या सूत्राचा नाजूक सांधा पहिल्या व दुसऱ्या आकड्याच्या मध्ये आहे. कीर्दीत नोंद झाली आणि खतावणीत ती दोन्ही बाजूंना चढलीच नाही, तरी तेरीज जुळते. तसेच येथे होते. हजारही बाळे तपासली, अहवाल पूर्ण झाला. पण त्या ४० पैकी २० परत आलीच नाहीत. बहिरी दोन बाळे नेमकी त्या वीसांत असतील, तर सारी तपासणी वाया गेली आणि आकडे मात्र चोख राहिले.

आपल्या देशात याची सोय मुळीच नाही असे नाही. म्हैसूरला १९६५पासून अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्था आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३पासून अली यावर जंग संस्था आहे. केंद्राचा बहिरेपणा प्रतिबंध कार्यक्रम २००७मध्ये, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये सुरू झाला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शेकडा ८८हून अधिक जन्म रुग्णालयांत होतात. म्हणजे बाळ तपासणीच्या दाराशीच जन्मते. तरीही प्रत्येक प्रसूतिगृहात कान तपासले जातातच असे नाही. आपल्या सीमाभागात तर, मराठी घर असो वा कन्नड, मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आहे. रक्ताच्या नात्यातील विवाहांत जन्मजात बहिरेपणाचा संभव वाढतो. तेव्हा येथे हा प्रश्न अधिकच जवळचा आहे.

आपल्यापैकी कोणी लवकरच मामा होईल, कोणी आत्या. झबली-टोपडी घेऊन रुग्णालयात जाल तेव्हा 'बाळाचे कान तपासले का?' एवढे विचारा. पुन्हा बोलावले असेल तर त्या दिवशी बाळाला घेऊन जाण्याची जबाबदारी स्वतःकडे घ्या. आणि तपासणीत बाळ उत्तीर्ण झाले तरी पुढे लक्ष असू द्या, कारण काही बहिरेपण नंतरही येते. वर्ष-दीड वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल, शब्द बोलत नसेल, तर बापाच्या बालपणीचे दाखले न शोधता श्रवणतज्ज्ञ शोधावा.

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)