इंजिन तापलं, तर आधी गाडी थांबवा

देहूहून तळवडे, चाकणकडे निघालं की वाहतुकीत गाडी नुसती रांगत असते. गटाचा माल घेऊन आमच्यातल्या काही जणी आता स्वतः गाडी चालवतात, म्हणून आज कूलंटविषयी सांगतो.

इंजिनात इंधन जळतं. त्याची उष्णता कूलंट उचलतं आणि रेडिएटरमध्ये नेतं. तिथे वाऱ्याने, पंख्याने गार होऊन ते परत फिरतं. साधं पाणी 100 अंशांना उकळतं. कूलंटमधलं ग्लायकॉल आणि घट्ट झाकणामुळे तयार होणारा दाब, यांमुळे ते उशिरा उकळतं. आपल्या कुकरचंच तत्त्व! कूलंट गंजही रोखतं. त्याऐवजी बोअरचं पाणी भरत राहिलं, तर हंड्यात बसतो तसा क्षार आत बसतो, वाटा चोंदतात.

कूलंट संपलं आणि गाडी तशीच दामटली, तर इंजिनाचं हेड वाकतं, गॅस्केट जळतं. मग इंजिन उघडावं लागतं आणि त्या खर्चापायी कर्जाचे हप्ते थकतात.

म्हणून सकाळी, इंजिन गार असताना, डब्यावरच्या दोन खुणांमध्ये पातळी आहे ना, ते बघा. सारखी कमी होत असेल तर गळती शोधून घ्या. काटा लाल खुणेकडे गेला, की बाजूला थांबून इंजिन बंद करा. गरम झाकण मात्र उघडू नका, उकळतं कूलंट तोंडावर उडतं. उरलेलं कूलंट मुलांच्या हाती लागू देऊ नका. ते चवीला गोड, पण विषारी असतं.

घरात जे कोणी गाडी चालवतं, त्यांनाही हे सांगा.