आज्ञापंक्तीतील पाठक्रम आणि अर्थक्रम : ‘नेम्ड’ या नामशोधक सेवेच्या विकल्पांचा विचार

ईमेलचा पत्ता लिहिणारा मनुष्य ‘@’ या चिन्हापुढे एक नाव लिहितो. परंतु संदेश वाहून नेणाऱ्या यंत्रांना नाव पुरत नाही, त्यांना अंक हवा असतो. नावावरून अंकापर्यंत नेण्याची व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली, तीच डीएनएस होय. एखाद्या नावाची टपाल कोणत्या यंत्राकडे द्यावी हे सांगणारी ‘एमएक्स’ ही नोंद १९८६ पासून या व्यवस्थेत रूढ झाली. टपाल पाठविणारा सर्व्हर प्रथम ही नोंद विचारतो, तिच्यातील लहान प्राधान्यांक असलेल्या यंत्राकडे आधी जातो, आणि उत्तरच न मिळाल्यास पत्र रांगेत ठेवून पुनःपुन्हा प्रयत्न करतो. हे प्रयत्न सामान्यतः ४–५ दिवस चालतात. त्यानंतर पत्र परत फिरते. नामशोधक सेवा बंद पडली म्हणजे टपाल हरवत नाही, पण मुकी होते.

अशी सेवा देणाऱ्या कार्यक्रमांत ‘बाइंड’ हा सर्वांत प्रसिद्ध. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बर्कले येथील चार पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तो रचला. त्याची नववी, पूर्णतः नव्याने लिहिलेली आवृत्ती २००० मध्ये निघाली. त्यातील प्रत्यक्ष सेवा चालविणाऱ्या भागाचे नाव ‘नेम्ड’. तो सुरू करताना जी एक ओळ लिहावी लागते ती आज्ञापंक्ती, आणि तीत आडव्या रेघेमागून येणारी एकेक रोमन अक्षरे म्हणजे तिचे विकल्प. प्रस्तुत लेखाचा विषय ही ओळ आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला तीत एक लहानसे पण पूर्ण वाक्य आढळते.

‘विकल्प’ या संज्ञेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. व्याकरणात विकल्प म्हणजे दोन्ही रूपे साधू असणे. येथे विकल्प लिहावा की न लिहावा एवढेच ऐच्छिक असते. एकदा लिहिल्यावर तो विधीइतकाच बंधनकारक ठरतो. शब्द रूढ झाला आहे म्हणूनच तो येथे ठेविला आहे.

पुढील ओळ उदाहरणादाखल घेता येईल. रोमन अक्षरे उच्चारानुसार नागरीत दिली आहेत :

नेम्ड -यू बाइंड -टी /कोठडी -सी /एट्सी/नेम्ड.कॉन्फ -पी ५३

‘-पी’ने पोर्टाचा क्रमांक सांगितला जातो, न सांगितल्यास ५३ हाच गृहीत असतो, म्हणजे येथे तो अनुवादमात्र आहे. ‘-सी’ने रचना-संचिका कोठे आहे ते कळते, ‘-टी’ने सेवेला कोणत्या निर्देशिकेत कोंडावयाचे ते, आणि ‘-यू’ने सेवेने कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने वावरावे ते. ‘-पी’ हा साकांक्ष आहे. पुढे अंक आल्याशिवाय त्याचा अर्थ पुरा होत नाही. सेवा पार्श्वभूमीत न जाता पुढेच चालत राहावी असे सांगणारा ‘-एफ’ मात्र निराकांक्ष. या भेदाचे फळ संधीच्या वेळी दिसते. निराकांक्ष अक्षरे एका रेघेमागे जोडून लिहिता येतात, व साकांक्ष अक्षर अखेरीस आले तर तेही चालते : ‘-एफपी ५३’ शुद्ध आहे. परंतु ‘-पीएफ’ असे लिहिताच ‘एफ’ हा विकल्प राहत नाही; तो पोर्टाचा क्रमांक समजला जातो आणि कार्यक्रम तो नाकारतो. अंक असूनही तो ६५५३५ हून मोठा असल्यास आकांक्षा भागते, पण योग्यता नसते. तेथेही नकारच मिळतो. शाब्दबोधाच्या जुन्या अटी इतक्या काटेकोरपणे पाळणारा श्रोता माणसांत क्वचितच भेटेल.

खरा प्रश्न क्रमाचा आहे. वरील ओळीत ‘-यू’ प्रथम आला आहे. नवशिक्या वाचक असा अर्थ लावतो की सेवा प्रथम ‘बाइंड’ या सामान्य वापरकर्त्याचे रूप घेईल, मग कोठडीत शिरेल, मग संचिका वाचील, आणि शेवटी पोर्ट उघडील. तसे घडले असते तर सेवा सुरूच झाली नसती. युनिक्समध्ये १०२४ च्या खालील पोर्ट उघडण्यास परंपरेने विशेषाधिकार लागतो. मूळ निर्देशिका बदलण्यासही तोच लागतो. अधिकार आधी सोडून दिला तर पुढची दोन्ही कामे अडतात.

मीमांसकांना ही अडचण नवी नाही. जैमिनीच्या सूत्रांचा पाचवा अध्याय क्रमविचारालाच वाहिलेला आहे. एका ठिकाणी आधी अग्निहोत्राच्या होमाचा उल्लेख येतो व नंतर यवागू, म्हणजे पेज, शिजविण्याचा. पेज होमासाठीच आहे. तेव्हा ती आधी शिजवावी लागणार. पाठक्रमाहून अर्थक्रम बलवान, हा त्यावरचा निर्णय. ‘नेम्ड’ हेच करतो. तो प्रथम संपूर्ण आज्ञापंक्ती वाचून घेतो. मग कोठडीत शिरतो. त्यानंतर रचना-संचिका वाचतो. आणि विशेषाधिकार लागणारी कामे उरकल्यावर ‘-यू’ची अंमलबजावणी करतो. लिनक्सवर यात थोडी सवलत आहे : तेथे सर्व अधिकार सोडले तरी खालचे पोर्ट उघडण्याचा अधिकार सेवेपाशी राहू दिला जातो. एरवी ओळीतील विकल्प कसेही फिरविले तरी कृतींचा क्रम ढळत नाही.

कोठडीत शिरणे संचिका वाचण्याच्या आधी घडते, याचा एक परिणाम नेहमी गोंधळ उडवितो. ‘/एट्सी/नेम्ड.कॉन्फ’ या मार्गातील पहिली तिरपी रेघ ‘मूळ’ दाखविते. पण कोठडीत शिरल्यावर मूळच बदललेले असते. म्हणून तो मार्ग बाहेरून पाहणाऱ्याला ‘/कोठडी/एट्सी/नेम्ड.कॉन्फ’ असा असतो. ‘येथे’, ‘तेथे’ या दर्शक शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असतो, तसेच हे. बाहेर उभा असलेला प्रशासक एका संचिकेत दुरुस्ती करीत राहतो आणि आत बसलेली सेवा दुसरीच वाचीत राहते. संचिकेचा मार्ग मुळापासून पूर्ण द्यावा असे माहितीपुस्तिका सांगते, तिचे कारणही याच जातीचे आहे : संचिकेतील एखाद्या आदेशाने सेवेची चालू निर्देशिका बदलली, तर सापेक्ष मार्ग पुनर्वाचनाच्या वेळी भलतीकडे नेतो.

‘-टी’ एकटा लिहिणे व्यर्थ आहे, असा इशारा त्याच पुस्तिकेत आहे. विशेषाधिकार हाती असलेला कैदी बहुतेक यंत्रणांत कोठडीबाहेर पडू शकतो. तेव्हा ‘-यू’ची सोबत हवी. ‘-यू’ अजिबात विसरल्यास तर काहीच बिघडलेले दिसत नाही, आणि हीच त्यातील धोक्याची गोष्ट. उत्तरे मिळत राहतात, टपाल वाहत राहते. केवळ सेवा सर्वाधिकारी म्हणून चालू असते. जानेवारी २००१ मध्ये बाइंडच्या आठव्या आवृत्तीतील एक गंभीर दोष जाहीर झाला, आणि मार्चमध्ये ‘लायन’ नावाच्या कृमि-कार्यक्रमाने त्याच दोषातून लिनक्स यंत्रांत शिरकाव केला. अशा दोषातून आत येणाऱ्याच्या हाती सेवेचे अधिकार येतात. ते अधिकार कोणाचे, हे त्या दोन अक्षरांवर ठरते.

विरोधाचा प्रसंगही पाहण्याजोगा आहे. ‘-४’ने केवळ आयपीची चौथी आवृत्ती वापरावी असे सांगितले जाते, ‘-६’ने केवळ सहावी. दोन्ही एकत्र आल्यास काय करावे? पाणिनीचे सूत्र (१.४.२) तुल्यबल विरोधात नंतरच्याला बळ देते, आणि पुष्कळ युनिक्स कार्यक्रम नकळत तोच मार्ग धरतात : शेवटी लिहिलेले खरे. ‘नेम्ड’ तसे करीत नाही. दोन्ही पाहताच तो चूक दाखवून थांबतो. हे अधिक शहाणपणाचे म्हटले पाहिजे. कारण येथे परत्व हे बहुधा विस्मरणाचे फळ असते, हेतूचे नव्हे.

मोठ्या व लहान लिपीचा भेद नागरीत दाखविता येत नाही, पण येथे तो अर्थभेदक आहे. लहान ‘व्ही’ केवळ आवृत्तीचा क्रमांक सांगतो. मोठा ‘व्ही’ ती कोणत्या घटकांनिशी घडविली तेही सांगतो. लहान ‘डी’ने दोषशोधनाची पातळी ठरते. मोठ्या ‘डी’ची गोष्ट निराळी : त्याच्यापुढील शब्द ‘नेम्ड’ तपासूनही पाहत नाही. एकाच यंत्रावर दोन-तीन सेवा चालू असल्या, तर यादी पाहणाऱ्या मनुष्याला त्या ओळखता याव्यात एवढ्यासाठी तो शब्द असतो. इतर सर्व विकल्प यंत्राला उद्देशून आहेत. हा एकच, यंत्राच्या देखत, माणसाने माणसाशी बोललेला शब्द आहे.