अपंग कामगार आणि घराचा अर्ज



या व्यासपीठावर विद्वान मंडळी येतात व मोठमोठ्या प्रश्नांवर बोलतात. माझे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कामगारांचे कागद वाचता वाचता. म्हणून आज मी एका कागदाविषयीच बोलणार आहे. तो कागद म्हणजे घराचा अर्ज, आणि अर्जदार म्हणजे अंगाने अधू झालेला, मिळणाऱ्या साहाय्यावर जगणारा माणूस. पूर्वी त्याला अपंग म्हणत, आता सरकारदरबारी दिव्यांग म्हणतात. नाव सुधारले, चांगले झाले. पण नावाने डोक्यावर छप्पर येत नाही.

प्रथम साहाय्य म्हणजे काय ते पाहू. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला विम्याचा. १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना आली आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे तिचा प्रारंभ झाला. विमा उतरलेल्या कामगाराला कामावर कायमची इजा झाली, तर त्याची कमावण्याची शक्ती किती टक्के गेली हे वैद्यकीय मंडळ ठरवते. पूर्ण अपंगत्वाला सरासरी रोजीच्या नव्वद टक्के मिळतात, अंशतः असेल तर त्या प्रमाणात, आणि तेही हयातभर. समजा रोजी पाचशे रुपये आहे. पूर्ण अपंगत्वाला दिवसाचे साडेचारशे. अंगठा गेला आणि तीस टक्के ठरले, तर एकशे पस्तीस. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. त्यासाठी त्याच्या पगारातून वर्गणी कापलेली असते.

दुसरा प्रकार अनुदानाचा. ज्याचा विमाच नव्हता, म्हणजे नाक्यावरचा बिगारी, घरकाम करणारी बाई, जन्मापासून अधू असलेला मुलगा, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दिव्यांगाला त्यात किमान चाळीस टक्क्यांचा दाखला लागतो आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत असावे लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी ही रक्कम दरमहा दीड हजारांवरून अडीच हजार करण्याचा निर्णय घेतला.

आता घराकडे वळू. मुंबईच्या बी. डी. डी. चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या, तेव्हा सरकार घरमालक होते आणि कामगार भाडेकरू. १९५२ च्या औद्योगिक गृहयोजनेचा पायाही मुख्यतः सवलतीच्या भाड्याचाच होता. १९७६ च्या कायद्याने म्हाडा आली. आज तिची सोडत निघते, ती प्रामुख्याने विकत घ्यावयाच्या घरांची. हा फरक ध्यानात ठेवा. पुढचे सारे दुखणे त्यातूनच निघते.

अर्जाची रीत अशी. २०२३ पासून सोडतीच्या आधीच नोंदणी करून कागद तपासून घ्यावे लागतात. आधार, पॅन, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा आणि दिव्यांगासाठी राखलेल्या घरांकरिता यूडीआयडी म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र. मुंबई महानगर प्रदेशात पती-पत्नीचे मिळून वार्षिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत असेल, तर अत्यल्प उत्पन्न गट. प्रत्येक अर्जासोबत अनामत भरावी लागते. ओळखपत्र हाती असूनही अर्जात दिव्यांग प्रवर्ग नोंदवला नाही, तर तो माणूस सर्वसाधारण रांगेत जातो. आणखी एक सांगून ठेवतो: म्हाडाने सोडतीसाठी कोणीही दलाल नेमलेला नाही. ‘तुमचे काम करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

कायदा या माणसाच्या बाजूला आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सांगतो की, संबंधित सर्व योजनांतील घरवाटपात पाच टक्के आरक्षण असावे आणि त्यात दिव्यांग स्त्रियांना योग्य अग्रक्रम मिळावा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या मार्गदर्शनातही दिव्यांगांना शक्यतो तळमजल्यावर किंवा खालच्या मजल्यावर घर द्यावे असे म्हटले आहे. मग अडते कुठे?

पहिली अडचण टक्क्यांची. २०१६ च्या कायद्याचे आरक्षण किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असणाऱ्याला आहे. एक कामगार घ्या. कामावर ठिणगी उडून त्याचा एक डोळा गेला, दुसरा धड आहे. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यापासून चालत आलेल्या यादीत या इजेला चाळीस टक्के आहेत. परंतु दिव्यांगत्व मोजण्याची जी मार्गदर्शक तत्त्वे २०१८ मध्ये निघाली, त्यांत अशा माणसाला तीस टक्केच दिले होते. डोळा तोच, अंधार तोच. एका मापाने चाळीस भरतो आणि दुसऱ्याने तीस. विम्याच्या खिडकीवर तो अपंग आणि घराच्या खिडकीवर धडधाकट! कारण एके ठिकाणी कमाईची हानी मोजतात आणि दुसऱ्या ठिकाणी शरीराची. म्हणून विम्याच्या मंडळाचा कागद घराच्या अर्जाला पुरेल असे गृहीत धरू नये. ओळखपत्रासाठी स्वतंत्र तपासणी करून घ्यावी.

दुसरी अडचण पैशाची, आणि ती अधिक कठीण. समजा सोडतीत नाव लागले. शेजारपाजारचे पेढे मागायला आले. घर वीस लाखांचे धरा, कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचे धरा. महिन्याचा हप्ता सतरा हजारांवर जातो. मघाच्या हिशेबातील पूर्ण अपंग कामगाराला महिन्याला साडेतेरा हजार मिळतात. अनुदानावरच्या बाईला अडीच हजार. तहसीलदाराचा जो पन्नास हजारांच्या आतला दाखला तिला अत्यल्प गटात बसवतो, तोच दाखला पाहून बँक कर्ज नाकारते. म्हणजे ज्या कागदाने ती पात्र ठरली, त्याच कागदाने असमर्थ ठरली. अशी माणसे नाव लागूनही घर परत करतात आणि दोष मात्र नशिबाला देतात. हा नशिबाचा खेळ नव्हे, हा योजनेच्या घडणीतला दोष आहे.

यावर अर्जदाराने काय करावे? ओळखपत्र आधी काढावे, जाहिरातीची वाट पाहू नये. टक्के कमी लागले असे वाटल्यास अपील करावे. कायद्यात तशी तरतूद आहे. तळमजल्याची मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. नकार तोंडी स्वीकारू नये; कारण लेखी मागावे व तो कागद घेऊन पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जावे. कारकुनाला तोंडी बोलणे विसरता येते, पोचपावती विसरता येत नाही.

आणि आपण नागरिकांनी काय मागावे? भाड्याची सार्वजनिक घरे. सप्टेंबर २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र भाग आहे; त्यातील घरे दिव्यांगांपर्यंत पोहोचतात की नाही, हे आपल्या नगरसेवकाला विचारा. महाराष्ट्रातील नगरपालिका-महापालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत असा शासनाचा आदेश आहे. त्या पैशातून अनामत, भाड्याचा काही भाग, दाराशी उतार आणि न्हाणीघरात धरायला दांडा का होऊ नये? आपल्या गावच्या अंदाजपत्रकात ती रक्कम किती आणि ती खर्ची पडली कशावर, हे विचारण्याचा अधिकार तुम्हां-आम्हां सर्वांना आहे.

मित्रहो, आज या मंडपात आपण पायऱ्या चढून आलो. यंत्राला, आजाराला किंवा म्हातारपणाला कोणाची ओळख नसते. घराच्या रांगेत आज जो कुबडी घेऊन उभा आहे, त्याच्यासाठी केलेला नियम उद्या आपल्यालाच लागू व्हायचा आहे. तो नियम नीट करून घेण्याचे काम एकट्या अर्जदाराचे नाही.