डिझेलचा काटा खोटे बोलू लागला तर

मालवाहतुकीच्या धंद्यात आपले कितीतरी बांधव आहेत. कुणाच्या स्वतःच्या एक-दोन गाड्या आहेत, कुणी ड्रायव्हर आहे, कुणाचे हायवेला गॅरेज किंवा ऑटो इलेक्ट्रिकचे दुकान आहे. या सर्वांच्या नेहमीच्या कुरबुरीचे एक कारण म्हणजे डॅशबोर्डवरचा डिझेलचा काटा. जुन्या गाडीत हा काटा एक तर पडून असतो, नाही तर टाकी रिकामी होत आली तरी अर्ध्यावर उभा असतो. मग ड्रायव्हर अंदाजाने डिझेल भरतो, मालक अंदाजाने हिशेब मागतो आणि दोन्ही अंदाज जुळले नाहीत की गोष्ट चोरीच्या आरोपावर जाते. पगार कापला जातो. वर्षानुवर्षे काम केलेला माणूस गाडीची चावी शेठच्या टेबलावर ठेवून निघून जातो. दोष पुष्कळदा एका गंजलेल्या स्क्रूचा असतो.

रस्त्यातले नुकसान वेगळेच. मालेगावहून कापड भरून भिवंडीला निघालेली गाडी कसारा घाटात डिझेल संपून उभी राहिली, तर नुसते डिझेल ओतून ती चालू होत नाही. लाइनमध्ये हवा धरलेली असते. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून, हँडपंप मारून ती काढावी लागते.

जुन्या ट्रकमधील ही रचना अगदी साधी आहे. टाकीत एक युनिट असते. त्याच्या दांडीला फ्लोट लावलेला असतो. डिझेलबरोबर फ्लोट वर-खाली होतो, तशी दांडीची पत्ती बारीक तारेच्या गुंडाळीवरून सरकते आणि करंटला होणारा अडथळा कमी-जास्त होतो. एक वायर तिथून गेजपर्यंत जाते. परतीची वायर बहुधा नसतेच. ते काम टाकीचा पत्रा आणि चासी करतात. म्हणजे ज्याला आपण बॉडी अर्थ म्हणतो तो. आमच्या मते निम्मे दुखणे इथेच आहे. टाकीखाली रबराच्या पट्ट्या, टाकीला जाड रंग, ब्रॅकेटला गंज, मग अर्थ मिळणार कुठून?

म्हणून युनिट खोलण्याआधी एक वायर घ्या. तिचे एक टोक युनिटच्या स्क्रूला आणि दुसरे चासीच्या घासून स्वच्छ केलेल्या बोल्टला लावा. चावी सुरू करून काटा पाहा. काटा बरोबर आला तर तीच वायर कायमची पक्की करून टाका, काम संपले. हे न करता थेट नवे युनिट गळ्यात मारणारे मिस्त्री आहेत. नवे बसवताना जुनी जागा घासली जाते, अर्थ आपोआप सुधारतो, काटा चालतो आणि गिऱ्हाइकाला वाटते की युनिटच गेले होते!

एवढ्याने काटा हलला नाही तर टाकीचे झाकण बंद ठेवून युनिटवरची गेजची वायर काढा. काटा एका टोकाला जाईल. आता ती वायर चासीला टेकवा. काटा दुसऱ्या टोकाकडे सरकला पाहिजे. काही गेजमध्ये तो फुल्लकडे जातो, काहींमध्ये रिकाम्याकडे. त्याने गोंधळू नये. जुन्या प्रकारच्या गेजचा काटा सावकाश चढतो, थोडे थांबावे. मात्र वायर नुसती टेकवून धरू नये, काही गेजची आतली तार जळते. मध्ये लहान बल्ब जोडावा.

काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला तर गेज आणि वायर दोन्ही ठीक, दोष टाकीत. फिरला नाही तर हीच चाचणी गेजच्या मागे करा. तिथे फिरला तर मधली वायर तुटली आहे. तिथेही नाही, तर टेस्ट लॅम्पने गेजला करंट येतो का ते पाहा. नसेल तर आधी फ्यूज तपासा. डिझेलबरोबर पाण्याच्या तापमानाचा काटाही चुकत असेल तर दोन्ही गेजना ठराविक व्होल्टेज देणारा स्टॅबिलायझर बिघडल्याचा संशय घ्यावा.

दोष टाकीत निघाला तर बॅटरीची वायर काढूनच युनिट खोलावे. भोवतीची माती आधी पुसावी. बिडी-सिगारेट दूर. फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत डिझेल खळखळले तर तो फुटला आहे, बुडूनच राहणार आणि काटा कायम रिकामे दाखवणार. पितळी फ्लोटला डाग देण्याच्या भानगडीत पडू नये; आत राहिलेले डिझेल गरम होऊन अंगावर येते. नंतर मल्टिमीटर लावून दांडी सावकाश वर-खाली करा. आकडा सारखा चढला-उतरला पाहिजे. मध्येच तुटला तर त्या जागी तार झिजली आहे, आणि काटा नेहमी त्याच ठिकाणी उडी मारत असणार.

नवे युनिट घेताना जुने दुकानात घेऊन जावे. एका जातीचे युनिट रिकाम्या टाकीला सुमारे १० ओहम आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम दाखवते. दुसऱ्या जातीचे उलट, २४० वरून ३३ वर येते. गेज एका जातीचा आणि युनिट दुसऱ्या जातीचे बसवले तर काटा उलटाच चालेल. टाकी बदलून खोल करून घेतली असेल तर दांडीची लांबीही जुळली पाहिजे. बसवताना कॉर्कचे पॅकिंग नवेच टाका, नाही तर पावसाचे पाणी डिझेलमध्ये उतरते.

एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस.-६ गाड्यांवर वायर टेकवण्याचा हा प्रयोग करू नये. तिथे काट्याचा संबंध इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटशी असतो. ते काम स्कॅनरवाल्याचे.

काटा दुरुस्त होईपर्यंत, आणि झाल्यावरही, गाडीत एक लाकडी पट्टी ठेवा. टाकी जवळजवळ रिकामी असताना गाडी सपाट जागी उभी करून पंपावर २०-२० लिटर डिझेल भरावे आणि दर वेळी पट्टी बुडवून ओल्या रेघेवर खूण कोरावी. ड्रायव्हरने गाडी ताब्यात घेताना आणि परत देताना मालकासमोर पट्टी बुडवायची, आकडा वहीत लिहायचा आणि दोघांनी खाली सही करायची.